टिटवीचं पिल्लू उचलू नका, वाचवा

झाशीजवळच्या बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत अजून शेड न चढलेले मोकळे प्लॉट आहेत, रेल्वेलाइनच्या कडेने गिट्टीचे पट्टे आहेत, मुरुमाचे उघडे माळ आहेत. होळी होऊन गेली की अशा जागी टिटव्या अंडी घालू लागतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे आणि आत मातकट रंगाची, काळे डाग असलेली तीन-चार अंडी. दोन पावलांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत. नर-मादी आळीपाळीने चार आठवडे त्यांच्यावर बसतात. झाशीचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला दुपारच्या मुरुमाची धग सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर गेला की अंडी उबवायची राहत नाहीत, ती शिजू द्यायची नसतात. टिटवी अंड्यांवर उभी राहून अंगाची सावली करते. मधूनच उठून जवळच्या डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येते आणि ओल्या पोटाने अंडी गार करते. ही ये-जा उन्हाच्या कहरात पुन्हा पुन्हा चालते.

इतक्या कष्टाने अंड्याबाहेर आलेलं पिल्लू काही तासांतच चालू लागतं आणि आपले किडे आपण टिपतं. आई-बापांकडे राखणीचं काम असतं. कुणी जवळ आलं की ते हवेत उठून कलकलाट करतात आणि तो इशारा ऐकताच पिल्लू असेल तिथे जमिनीला चिकटतं. मान खाली, डोळे उघडे, अंग निश्चल. नेमका त्याच वेळी आपल्यातला एखादा भला माणूस तिथून जात असतो. त्याला दिसतं ते असं: एवढंसं पिल्लू, एकटं, हलत नाही, आई जवळ नाही. तो वाकतो, त्याला रुमालात घेतो, घरी नेतो. वर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत असते. ते ओरडणं त्याच्या कानावर पडतं, पण त्याचा हातातल्या पिल्लाशी संबंध आहे हे ध्यानात येत नाही. घरी खोका, दूध, पावाचा चुरा. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत पिल्लू मरतं. त्या माणसाला मनापासून वाईट वाटतं आणि जन्मभर त्याची समजूत राहते की आपण एका अनाथ जीवाला वाचवायला धडपडलो.

ते अनाथ नव्हतं. त्याचे आई-बाप डोक्यावर घिरट्या घालत होते.

झाशीतल्या आणि बिजौलीतल्या मराठी कुटुंबांना, कारखान्यांत आणि रेल्वेत काम करणाऱ्या आपल्या माणसांना, आणि गावाकडे हा मजकूर वाचणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाचा उन्हाळा आणि पावसाळा आपण घराजवळच्या पक्ष्यांच्या पिल्लांसाठी जागरूक राहून घालवू या. त्यासाठी पैसा लागत नाही. दया आपल्याकडे भरपूर आहे. ती पिल्लापर्यंत नीट पोचावी म्हणून थोडी माहिती लागते.

पिल्लू खाली दिसलं की आधी त्याचं अंग पाहावं. पिसं फुटलेली नाहीत, कातडी गुलाबी दिसते, डोळे मिटलेले आहेत, असं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं आणि त्याला आपली मदत हवी असते. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, डोळे टक्क उघडे आहेत, दोन पायांवर टुणटुण उड्या मारतंय, पण नीट उडता येत नाही, अशा पिल्लाची गोष्ट निराळी. ते घरटं सोडून बाहेर पडलं आहे आणि त्याच्या वयाला ते योग्यच आहे. लालबुड्या बुलबुलाची पिल्लं जन्मल्यापासून दोन आठवड्यांच्या आतच घरट्याबाहेर येतात. दयाळ, सातभाई, साळुंकी यांचंही कमी-अधिक असंच असतं. घरटं सोडल्यावर पंखांत बळ यायला आणखी काही दिवस लागतात. ते दिवस पिल्लू झुडपात, कुंपणाच्या आडोशाला, कधी तुळशीवृंदावनामागे, कधी पार्क केलेल्या स्कूटरखाली काढतं. आई-बाप चोचीत अळ्या घेऊन तिथे येतात, भरवतात आणि लगेच निघून जातात. आपण दहा पावलांवर उभे असलो तर ते येतच नाहीत. मग आपण म्हणतो, ‘बघा, तासभर झाला, कुणी फिरकलं नाही.’ तासभर तिथे आपणच उभे होतो.

म्हणून पहिली मदत म्हणजे मागे सरणं. घरात जा, खिडकीतून पाहा, पोरांना आत बोलवा, कुत्रं बांधा, मांजर कोंडा. तास-दोन तास धीर धरा. बहुतेक वेळा आई येताना दिसते. पिल्लू भर रस्त्यात असेल, चाकाखाली येण्याची भीती असेल, तर ते अलगद उचलून जवळच्याच झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवावं, त्याची हाक आई-बापांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर. त्यापलीकडे काही करू नये.

इथे एक जुनी समजूत आडवी येते. चिमणीच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात, आई त्याला टाकून देते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या समजुतीने दुहेरी नुकसान केलं आहे. कुणी पडलेल्या पिल्लाला हातच लावत नाही आणि ते उन्हात तडफडून मरतं. कुणाचा चुकून हात लागला तर ‘आता हे घरट्यात परत जायचं नाही’ म्हणून तो ते घरी घेऊन येतो. खरं असं आहे की पक्षी आपलं पिल्लू ओळखतात ते मुख्यतः त्याच्या आवाजावरून आणि जागेवरून. माणसाचा हात लागला एवढ्यावरून ते पिल्लाला टाकत नाहीत. दिवसभर अळ्या टिपून पोसलेलं पिल्लू इतक्या सहज कुणी टाकत नाही. तेव्हा बिनपिसांचं पिल्लू खाली पडलं असेल आणि घरटं हाताच्या टप्प्यात असेल, तर हात स्वच्छ करून ते निर्धास्तपणे परत ठेवा.

घरटंच पडलं असेल तर? बुंदेलखंडात मे-जूनच्या संध्याकाळी धुळीची आंधी उठते, लिंबाच्या फांद्या कडाकडा मोडतात आणि दुसऱ्या दिवशी झाडाखाली घरटी विखुरलेली सापडतात. अशा वेळी एक लहानशी टोपली घ्यावी. तळाला पाणी निथळायला भोकं हवीत. आत सुकं गवत किंवा पडलेल्या घरट्याचाच भाग ठेवावा. हिरवा ओला पाला घालू नये. टोपली त्याच झाडावर, जुन्या जागेच्या जवळात जवळ, सावलीत, मांजर पोचणार नाही अशी बांधावी, पिल्लं तिच्यात ठेवावीत आणि लांब जावं. पिल्लांनी चोची वासून ओरडायला सुरुवात केली की बहुतेकदा आई-बाप टोपलीही मान्य करतात. हे काम शाळकरी पोरं फार मन लावून करतात. शिडी मात्र मोठ्यांनी धरावी.

‘आहे तिथेच परत ठेवा’ हा सल्ला कुणाला कोरडा वाटेल. त्याने जुन्नरकडे पाहावं. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात ऊसतोडणी सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. उसात आडोसा असतो, म्हणून मादी तिथेच विते. तोडणी करणाऱ्यांना दिसतात ते दोन-तीन बछडे, आई दिसत नाही. पूर्वी असे बछडे उचलले जात आणि पुढे जन्मभर पिंजऱ्यात राहत. आता वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे पशुवैद्य येतात, बछडे तपासतात आणि संध्याकाळी जिथे सापडले तिथेच ठेवतात. लांबून कॅमेरे नजर ठेवतात. रात्री मादी येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. ज्या शेतकऱ्यांच्या वस्तीवर रात्री बिबट्या फिरतो, ज्यांची जनावरं त्याने नेली आहेत, माणसांवरही हल्ले झाले आहेत, तेच शेतकरी त्या रात्रीपुरतं शेत मोकळं ठेवतात. मादीला तिचे बछडे मिळावेत म्हणून एवढं मोठं मन करणारी माणसं आपल्यातच आहेत. आपल्याला तर बुलबुलासाठी फक्त अंगणातून घरात जायचं आहे.

खरोखर हस्तक्षेप करावा लागतो असे प्रसंगही आहेत, आणि तिथे एक मिनिटही घालवू नये. पंख लोंबतोय, रक्त आहे, पाय टेकवत नाही, मान वाकडी झाली आहे, अंगावर मुंग्या चढल्या आहेत, आई-बाप मेलेले दिसत आहेत, अशा वेळी पिल्लाला किंवा मोठ्या पक्ष्याला उचललंच पाहिजे. मांजराने तोंडात धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला उपचार लागतात. मांजराच्या दातांची जखम पिसांखाली दिसत नाही, पण लाळेतले जिवाणू रक्तात भिनतात आणि एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. त्याला पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावं. संक्रांतीच्या सुमाराला नायलॉनच्या मांजाने पंख कापलेल्या घारी, कबुतरं, पोपट सापडतात. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो विकला जातो. झाडात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नका, दोन्हीकडून कापा. पंखात रुतलेला तुकडा डॉक्टरांना काढू द्या. दिल्लीत दोन भावांनी आपल्या घराच्या तळघरात जखमी घारींचं शुश्रूषा केंद्र उभं केलं. ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे २०२२ साली ते जगाला कळलं. त्यांच्याकडे येणाऱ्या घारींमध्ये मांजाने कापलेल्या फार असतात.

पाकोळीची गोष्ट जरा वेगळी. ती जुन्या इमारतींच्या कमानींखाली, पुलांखाली गवत आणि पिसं लाळेने चिकटवून घरटी करते आणि जवळजवळ सारं आयुष्य हवेत काढते. पाय इतके आखूड आणि पंख इतके लांब की सपाट जमिनीवर पडली तर तिला उठताना फार कष्ट पडतात. जखम नसेल तर तिला तळहातावर घ्यावं, मोकळ्या जागी हात उंच करावा आणि थांबावं. हवेत फेकू नये. उडायचं असेल तर ती आपली आपण सुटते.

उन्हाचा तडाखा बसलेले पक्षी आपल्याकडे मे महिन्यात बरेच दिसतात. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, धाप लागलेली. अशा पक्ष्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं. खोक्याला हवेसाठी भोकं पाडावीत, तळाला सुती फडकं अंथरावं, झाकण लावून खोका घरातल्या गार, शांत कोपऱ्यात ठेवावा. अंधारात पक्षी शांत होतो. पोरांना दर पाच मिनिटांनी झाकण उघडू देऊ नये. माणसाचं जवळ असणं हेच त्याच्यासाठी मोठं भय असतं. थोडं सावरल्यावर उथळ वाटीत पाणी ठेवावं, ते स्वतः पिईल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, जिथे सापडला तिथेच त्याला सोडावं.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: चोचीत पाणी ओतू नका. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालण्याचा संस्कार खोल आहे, त्यामुळे हात आपोआप चमच्याकडे जातो. पण पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून सोडलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं आणि पक्षी आपल्या हातात गुदमरतो. दूधही नको. दूध पचवण्याची सोय पक्ष्यांच्या पोटात नाही, त्याने जुलाब होतात आणि एवढासा जीव त्यातच जातो. पाव, बिस्किट, भात यांनी पिल्लाची वाढ होत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, मिनिटामिनिटांच्या अंतराने. हे काम माणसाला झेपत नाही. म्हणूनच पिल्लाला त्याच्या आईइतका चांगला दवाखाना दुसरा नाही.

‘घरी ठेवलं तर निदान जगतं तरी,’ असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच उत्तर प्रदेशातली एक हकिगत सांगतो. अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने त्याला घरी आणलं, पायाला मलमपट्टी केली, खाऊपिऊ घातलं. सारस बरा झाला, पण गेला नाही. त्याला कुणी कोंडलं नव्हतं, तरी तो त्या तरुणाच्या ताटात जेवे, मोटारसायकल निघाली की वरून उडत मागे जाई. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने सारस ताब्यात घेऊन रायबरेलीच्या समसपूर पक्षी अभयारण्यात सोडला. तिथे तो रमला नाही, आणि त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. त्या शेतकऱ्यावर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पुढे तो भेटायला गेला तेव्हा सारस जाळीआड पंख पसरून नाचत होता.

त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. शेतात तडफडणारा पक्षी टाकून तो निघून गेला असता तर ते अधिक वाईट झालं असतं. माझं दुःख वेगळं आहे. पाय बांधल्यानंतर लगेच जर त्याला कुणी सांगणारं, सारसाला ताब्यात घेणारं भेटलं असतं, तर कदाचित तो पक्षी आज एखाद्या तळ्याकाठी आपल्या जोडीदारासोबत असता. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी, जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत उंचीने सर्वांत मोठा. सारसाची जोडी वर्षानुवर्षं टिकते. महाराष्ट्रात तो आता गोंदियाच्या भातशेतीच्या पट्ट्यात मोजकाच उरला आहे, आणि तिथले शेतकरी बांधातली घरटी राखून त्याला जपत आहेत. असा पक्षी माणसाला आपला सोबती मानू लागला की रानातल्या संसाराला तो मुकतो. कोनराड लोरेन्झ यांनी करड्या हंसांच्या पिल्लांवर हेच दाखवलं होतं. जन्मल्यावर पहिल्यांदा जो हलताना दिसेल त्याच्या मागे ती जातात, आणि पुढे आपली जात ओळखायला चुकतात. लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये क्रौंच पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत त्याच कारणाने पिल्लं वाढवणारी माणसं पायघोळ पांढरा वेष घालतात, चेहरा झाकतात आणि क्रौंचाच्या डोक्याच्या बाहुलीतून भरवतात. पिल्लाने माणूस पाहू नये म्हणून एवढा खटाटोप.

कायदाही इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण तो घाबरवण्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांना धरणं, त्यांची अंडी आणि घरटी मोडणं हा गुन्हा ठरवला आहे. वन्य प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं, अशी त्यात तरतूद आहे. त्या ४८ तासांत जीव वाचवण्यासाठी केलेली धडपड आणि पक्षी पाळण्याची हौस यांत फरक करता येतो. म्हणून जखमी पक्षी उचललात की सर्वांत आधी फोन करा. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पुण्यात, मुंबईत वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून जनावरांसाठी उभं आहे. झाशीत वनविभागाचं कार्यालय आहे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि काहीच सुचलं नाही तर ११२ आहे. फोन करताना पक्षी नेमका कुठे सापडला ते लिहून ठेवा. बरा झाल्यावर त्याला तिथेच परत सोडायचं असतं.

पोपटाविषयीही बोललं पाहिजे. झाडाच्या ढोलीतून काढलेली पिल्लं ‘पडलेली सापडली’ म्हणून विकली जातात आणि आपण ती विकत घेऊन त्यांना वाचवल्याचं समाधान मानतो. अशी प्रत्येक खरेदी पुढच्या ढोलीत हात घालायला लावते. पिंगळ्याच्या पिल्लाच्या वाट्याला याच्या उलट येतं. ते उडण्याआधी ढोलीबाहेर येऊन फांदीवर, कधी जमिनीवर बसतं, टकामका पाहतं आणि रात्री आई-बाप त्याला शोधून भरवतात. लोक मात्र अपशकुन म्हणून त्याला दगड मारतात, किंवा दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं मागणाऱ्यांच्या हाती देतात. टिटवीचं ओरडणंही आपण अशुभ ठरवून टाकलं आहे. रात्री टिटवी ओरडली की घरात कुणाचं तरी वाईट होणार म्हणे. ती ओरडते तेव्हा तिच्या पिल्लाजवळ साप, कुत्रं किंवा माणूस आलेला असतो. वाईट होणार असतं ते तिच्या घरात.

आता बिजौलीपुरतं बोलतो, कारण कामाला हात इथेच लावायचा आहे. मार्च ते ऑगस्ट या दिवसांत मोकळ्या प्लॉटवर जेसीबी घालण्याआधी एकदा पायी चक्कर मारा. टिटवी डोक्यावरून झेप घेऊ लागली, किंवा पंख मोडल्याचं सोंग करून तुम्हाला लांब नेऊ लागली, की समजा अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. पावलं जपून टाका. जागा सापडली तर थोडं अंतर सोडून चार मोठे दगड मांडा, रखवालदाराला दाखवून ठेवा आणि तेवढा तुकडा चार-पाच आठवडे सोडा. पिल्लं बाहेर आली की कुटुंब आपणच तिथून हलतं. बांधकामाच्या वेळापत्रकात एक कोपरा महिनाभर मागे ठेवणं जमण्यासारखं आहे. कारखान्यांच्या मालकांनी, ठेकेदारांनी हे मनावर घ्यावं. लिंब, चिंच, शिरीष यांची छाटणी पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलता येते. विजेच्या तारेला लागणारी फांदी तोडावी लागलीच तर आधी तिच्यावर घरटं आहे का ते पाहावं. कुंपणालगतची बोरी-करवंदीची जाळी ‘साफसफाई’ म्हणून जाळली जाते. घरट्यातून नुकत्याच उतरलेल्या पिल्लांचा आडोसा तीच जाळी असते. ती गेली की पिल्लू उघड्यावर येतं, आपल्याला ‘अनाथ’ दिसतं आणि आपण त्याला उचलतो.

झाशीहून ओरछा फार लांब नाही. बेतवाकाठच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडं आजही घरटी करतात. गाईगुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशातली गिधाडं १९९० च्या दशकापासून जवळजवळ संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एका जोडीचं वर्षाला एकच अंडं. तिथल्या दगडावरून उतरलेलं एखादं पिल्लू पंख पसरून बसलेलं दिसलं तर गर्दी करून फोटो काढू नका. लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाला कळवा. तिथे एकेका पिल्लाचं मोल किती आहे हे सांगायला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत.

सगळी पिल्लं वाचणार नाहीत, हेही मी लपवणार नाही. छोट्या पक्ष्यांची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. शिक्रा नेतो, साप नेतो, पाऊस नेतो. शिक्र्याच्या घरट्यातही चोची वासलेल्या असतात. जे निसर्गाचं आहे ते त्याच्याकडे राहू द्यावं. पण आपलं मांजर, आपला मांजा, आपला जेसीबी, आपली चमचाभर दुधाची माया, यांनी मरणारी पिल्लं वाचवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

मराठीत म्हण आहे, टिटवीही समुद्र आटवते. समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवीने त्याच्याशी दावा मांडला आणि सगळे पक्षी तिच्या बाजूने उभे राहिले, ही पंचतंत्रातली गोष्ट आपण मुलांना सांगतो. बिजौलीतल्या टिटवीसमोर समुद्र नाही. तिच्यासमोर आपण आहोत, आणि आपण ऐकून घेऊ शकतो.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. घरात एक रिकामा बुटांचा खोका भोकं पाडून, फडकं घालून माळ्यावर ठेवून द्या. वनविभागाचा आणि जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक मोबाइलमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, बुडू नये म्हणून त्यात एक दगड टाका आणि पाणी रोज बदला. शेजारच्या काकूंना, कारखान्याच्या फाटकावरच्या भैयांना, रेल्वे क्वार्टरमधल्या पोरांना हिंदीत, बुंदेलीत, जमेल त्या बोलीत समजावून सांगा: पिसं असतील तर लांब व्हा, पिसं नसतील तर घरट्यात ठेवा, जखम असेल तर खोक्यात घालून फोन करा, पाणी-दूध चोचीत घालू नका. शाळेत शिकवत असाल तर सुट्टी लागण्याआधी वर्गात हे एकदा बोला. सर्वांत आधी पिल्लं दिसतात ती मुलांनाच. वसाहतीत ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांनी प्लॉटमालकांच्या पुढच्या बैठकीत टिटवीच्या कोपऱ्यांचा विषय मांडावा आणि कुठल्या प्लॉटवर अंडी आहेत त्याची यादी रखवालदारांकडे ठेवावी. होळीच्या आत हे झालं पाहिजे, कारण होळीनंतर टिटव्या कुणासाठी थांबत नाहीत.